रणगाड्याचे डोळे

रणगाड्याने गोपाळकाल्यापासून दसऱ्यापर्यंत अकरा जणांना फाडून खाल्लं होतं. सहा बेडकाची पिल्लं, दोन गप्पी मासे आणि तीन त्याचेच जातभाई. दिसायला म्हणाल तर काडेपेटीच्या अर्ध्या काडीएवढा, चिखलाच्या रंगाचा, मख्ख चेहऱ्याचा पाणकिडा. पण त्याचा खालचा ओठ हा ओठ नव्हताच मुळी. कोपरात दुमडून हनुवटीखाली लपवलेला हात होता तो, टोकाला आकडे असलेला. सावज टप्प्यात आलं की हात सट्कन बाहेर, आकडे पोटात आणि माल तोंडात! पापणी लवायच्या आत. पुढे कुर्रम कुर्रम. आवाज यायचा नाही, पण तो अबोली स्वतःच्या तोंडाने काढायची.

आखाडा होता कळंबोलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर. बी विंगमध्ये कुणीतरी बाथरूमचं काम काढलं, तेव्हा तडा गेलेलं पांढरं वॉशबेसिन वर आणून टाकलेलं. भोकात चिंधीचा बोळा कोंबला, वरून मेणबत्ती वितळवून ओतली, झाला आखाडा. पांढऱ्या बेसिनमध्ये पाणकिडे असे उठून दिसायचे की मागे उभ्या असलेल्या पोरालाही तुटलेला पाय दिसावा. तिकडे लोखंड बाजारात दिवसभर पत्रे आदळायचे. कुणाचा मुडदा पडताना नेमका पत्रा आदळला की सगळे ओरडायचे, “बॅकग्राउंड म्युझिक!”

गेल्या वर्षीपर्यंत अबोलीला या गच्चीवर उभं राहायलाही जागा नव्हती. संध्याकाळी पाच ते सात गच्ची मुलांच्या क्रिकेटची, हे जणू सोसायटीच्या पाण्याच्या टाकीइतकंच पक्कं बांधकाम. मुली रॅकेट घेऊन वर आल्या की अभिराम म्हणायचा, “पार्किंगमध्ये खेळा ना.” पार्किंगमध्ये गाड्या. एकदा त्याने मारलेला बॉल ईश्वरीच्या पाठीत बसला, वळ उठला चांगला हातभर. तर हा म्हणतो, “सॉरी हं, बॉलला डोळे नसतात.” अबोली तेव्हा आठवीत. खूप काही बोलायचं होतं तिला. घशापर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

मग ऑगस्टमध्ये ए विंगच्या हादियाने तिला बाजूच्या प्लॉटवर नेलं. तिथे बिल्डिंगचा पाया खणून काम बंद पडलेलं, खड्ड्यात पावसाचं पाणी. हादियाचे नाना उरणकडचे, भातशेतीवाले, त्यामुळे पाण्यातल्या जिवांचं हिला सगळं ठाऊक. तिने गाळण्याने चिखल उपसला आणि अबोलीच्या तळव्यावर एक वळवळता ठिपका ठेवला. “हे हेलिकॉप्टरचं पोर.”

“हॅ! चतुर असा दिसतो?”

“चतुर नाही, त्याचं पोर. हे पाण्यात राहतं आणि सगळ्यांना खातं.”

आणि त्या ठिपक्याने तिथल्या तिथे तळव्यावरच्या पाण्यात वळवळणारी डासाची अळी गिळली. अबोलीच्या अंगावर सरसरून काटा आला. हे तिला हवंच होतं. नक्की काय हवं होतं ते सांगता आलं नसतं, पण जे काही हवं होतं ते हेच.

पुढच्या महिन्याभरात तिने गच्चीवरची निम्मी पोरं बॅट टाकून बेसिनभोवती ओढली. पार्थचा पाणकिडा आठव्या सेकंदाला दोन तुकडे. त्याने घाबरून मध्येच हात घातला, तेव्हा अबोलीने बेसिनच्या काठावर थाप मारून नियम केला. “एकदा पाण्यात पडले की हात घालायचा नाही. जो हात घालेल तो हरला.” आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. पण कुणी हसलं नाही. दुसरा नियम पोरांनीच काढला. कुस्तीआधी दोन दिवस पेलवानाला उपास. उपाशी पेलवान जास्त चिडतो, असं त्यांचं शास्त्र.

मग अभिरामने स्वतःचा पेलवान आणला. काळ्या. रणगाड्याच्या दीडपट, पाठीवर शेवाळ, आणि पहिल्याच दिवशी त्याने गप्पी माशाचं डोकं धडावेगळं केलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अभिराम जिन्यात अबोलीच्या वाटेत उभा राहिला.

“रविवारी पाच वाजता. तुझा रणगाडा, माझा काळ्या.”

“जिंकले तर काय?”

“तर टाळ्या.”

“टाळ्या आरतीला वाजव. मला गच्ची पाहिजे. पाच ते सहा मुलींची. रोज. तुझी बोर्डाची परीक्षा होईपर्यंत.”

अभिरामने ओठांवरची नुकती फुटलेली मिसरूड चोळली. “आणि हरलीस तर?”

“तर एकही मुलगी वर येणार नाही. मार्चपर्यंत.”

बोलून गेली ती. एकाही मुलीला विचारलेलं नव्हतं. ईश्वरीला कळलं तेव्हा तिने अबोलीला जिन्यातच गाठलं. “अगं, आमच्या पायांवर तू पैज लावतेस? विचारायचं तरी होतंस.”

“रणगाडा आहे आपला! टेन्शन कसलं घेतेस?”

शुक्रवारपासून रणगाड्याचा उपास सुरू झाला. शनिवारी संध्याकाळी हादिया भिंग घेऊन आली. काचेच्या बरणीला नाक लावून बसली ती बसलीच.

“अबोली, याचे डोळे बघ.”

“लाल झालेत ना? चिडलाय.”

“वर चढलेत.”

अबोलीने भिंग हिसकावलं. रणगाडा पहिल्यांदा हाती आला तेव्हा त्याचे डोळे म्हणजे डोक्याच्या दोन कोपऱ्यांत टोचलेली टाचणीची डोकी. दर वेळी कात टाकली की ते थोडे मोठे होत गेले, इतकं तिनेही पाहिलं होतं. शाळेत राजलक्ष्मी मॅडमनी सांगितलेलं, की या किड्याचा एक डोळा म्हणजे शेकडो डोळ्यांची वस्ती असते. वाढताना जुने पडत नाहीत, जुन्यांना मागे सारून पुढच्या कडेला नवे बसत जातात. जुन्यांनी पाण्यातला काळोख आणि जवळचं सावज पाहायचं. नवे पुढच्या जन्माचे, त्यांनी आभाळ पाहायचं, आणि पाण्यात कधी लागले नाहीत असे रंगही. आता ती नव्यांची वस्ती इतकी पसरली होती, की दोन्ही डोळे कपाळ चढून माथ्यावर एकमेकांना भिडायला आले होते. आणि अजून एक गंमत. प्रत्येक डोळ्याचा वरचा पापुद्रा काचेसारखा झाला होता, मेल्या माशासारखा निस्तेज, आणि त्याच्या आत, जरा खाली, वेगळाच दुसरा डोळा चमकत होता. काचेआड कुणीतरी उभं असावं तसा.

“नाना म्हणतात, डोळे माथ्यावर चढले की पोर पाण्याचं राहत नाही,” हादिया म्हणाली. “दोन दिवसांत काडीवर चढेल आणि पाठीतून फाटेल. आतून हेलिकॉप्टर निघेल. तोपर्यंत खाणार नाही, चावणार पण नाही. तो ओठ आहे ना त्याचा, आतून रिकामा होतो. हातमोज्यातून हात काढून घेतल्यासारखा.”

“खात नाही कारण उपास आहे त्याचा.”

“उपास तू ठेवलास. तो कुठे उपाशी दिसतोय? दोन दिवस झाले, भुकेने काच खरवडायला पाहिजे होती.”

“तू अभिरामच्या बाजूने आहेस का गं?”

हादियाने भिंग खिशात टाकलं. “मी त्याच्या बाजूने आहे,” तिने बरणीकडे बोट केलं आणि निघून गेली.

रविवारी दुपारी आई झोपल्यावर अबोलीने उपास मोडला. डासाची एक गलेलठ्ठ अळी बरणीत सोडली. अळी वळवळत रणगाड्याच्या नाकासमोरून गेली. परत आली. त्याच्या ओठावर चक्क टेकली. रणगाड्याने ओठ उचलला नाही. तो बरणीतल्या काडीवर चढून, डोकं पाण्याबाहेर काढून बसला होता, हवा पीत.

म्हणजे तिला कळलं होतं. पुढे तिने कितीही स्वतःला समजावलं, की सुस्ती असेल, आखाड्यात उतरला की चेव येईल, तरी दुपारी अडीच वाजता, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी असताना, तिला पक्कं कळलं होतं. पाच वाजता तिने बरणी उचलली आणि जिना चढली.

वर आठ मुली. ईश्वरीने तर रॅकेटची पिशवीच आणलेली, जिंकताक्षणी जाळी बांधायची म्हणून. मुलं पंधरा. अभिराम काळ्याचा प्लास्टिकचा मग हातात धरून देवाच्या पालखीसारखा मिरवत होता.

“सांगते तुला एक,” अबोली त्याच्याजवळ जाऊन हळू म्हणाली. “आज नको. पुढच्या रविवारी.”

“का? पेलवानाला ताप आलाय?” तो मोठ्याने म्हणाला. मुलं खिदळली. “ऐका रे, हिची फाटली!”

अबोलीने वळून पाहिलं. ईश्वरी तिच्याकडे बघत होती, आठही जणी बघत होत्या, आणि त्या नजरेत गेल्या महिन्याभरातली अबोली उभी होती. काठावर थाप मारणारी. ती अबोली हातची गेली तर पुन्हा ते घशात अडकणं, पुन्हा ते पार्किंग. तिने झाकण उघडलं आणि रणगाड्याला काडीसकट बेसिनमध्ये ओतलं.

“आणि मैदानात उतरतोय आपला रणगाडा!” ईश्वरीने कॉमेंट्री सुरू केली. “अकरा बळी, शून्य हार!”

काळ्या पडताक्षणीच फिरला. त्याचे डोळे अजून कोपऱ्यात, बारीक, काळे कुळकुळीत. त्यांना पाण्याबाहेरच्या जगाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याने दोन वेळा पाय रोवले आणि हात सुटला. रणगाड्याचा मागचा पाय मुळापासून उपटून काळ्याच्या तोंडात गेला. पोरं ओरडली. रणगाडा लढलाच नाही. तो भिंत चढायला लागला. बेसिनची गुळगुळीत चिनीमाती, नख लागेल कुठे? चढला, घसरला. चढला, घसरला.

“अरे मार ना!” ईश्वरी कॉमेंट्री विसरून किंचाळली.

काळ्याने पाय संपवला. आता तो घाईत नव्हता. सावकाश मागून आला आणि दुसरा वार थेट डोळ्यावर केला. डाव्या. आकडा रुतला. अबोलीने ते पाहिलं, डोळ्याच्या काचेत आकडा शिरताना, आणि रणगाड्याचं अख्खं अंग त्या आकड्याला लोंबताना. काळ्या त्याला फळ्यावरच्या डस्टरसारखा इकडून तिकडे आपटत होता. तिकडे बाजारात पत्रा आदळला. कुणीही बॅकग्राउंड म्युझिक म्हणालं नाही.

अबोलीने हात घातला.

“हात! हात घातला!” मुलांचा एकच गिल्ला. तिने दोघांना एकत्रच मुठीत उचललं, काळ्याला झटकलं, आणि रणगाडा तळव्यात आला तेवढ्यात अभिरामने तिचं मनगट पिरगाळलं.

“टाक आत! मॅच संपली नाही!”

“हरले मी! हरले म्हणते ना! सोड!”

“संपेपर्यंत टाक!”

त्याने बोटं उघडायला करंगळी मागे वाकवली. कळ थेट कानात गेली. आणि मग अबोलीने, जिने आयुष्यात झुरळावर चप्पल मारली नव्हती, अभिरामच्या नाकावर कपाळ हाणलं. नारळ फुटल्यासारखा आवाज. त्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं, हनुवटीवरून त्याच्या पांढऱ्या टीशर्टवर. त्याने तिची वेणी धरून तिला बेसिनवर आदळलं. तिचा ओठ दातावर फाटला. बेसिन विटांवरून घसरलं आणि फुटलं, पाणी, मेण, चिंध्या, चिनीमातीच्या सुऱ्या सगळ्या गच्चीभर. अबोलीने एकच मूठ वापरली. दुसरी बंद होती. बंद मूठ छातीशी धरून तिने मोकळ्या मुठीने त्याच्या बरगडीत, कानात, पोटात, जिथे लागेल तिथे हाणलं, आणि तिला ते आवडत होतं. हे खरं आहे, त्या क्षणी तिला ते फार आवडत होतं. अभिराम मागे हटला, पाय घसरला, सावरला, आणि त्याच्या बुटाखाली काहीतरी चिरडलं.

त्याने पाय उचलला. काळ्याचा पिवळा चिखल झाला होता.

दहावीतला, जवळजवळ सहा फुटी अभिराम तिथेच फतकल मारून बसला आणि रक्तासकट रडायला लागला. “मी त्याला महिनाभर... माझा काळ्या...”

सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर काका धापा टाकत वर आले. “काय कत्तलखाना मांडलाय हा?” त्यांनी दोघांच्या आयांना बोलावलं. अबोलीच्या आईने, वैजयंतीने, आधी लेकीचा ओठ पाहिला, मग एक सणसणीत थोबाडीत दिली, मग घरी नेऊन बर्फ लावला. “मुलाच्या जातीशी मारामारी! आणि त्या मुठीत काय आहे? उघड.”

“नाही.”

“अबोली!”

“नाही म्हणजे नाही, आई.”

त्या रात्री ईश्वरीचा मेसेज आला. ‘थँक्स हं. मार्चपर्यंत पार्किंग.’ पुढे काहीच नाही. अबोलीने चार वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं. बरणीत ठेवलेल्या नव्या, उंच काडीवर रणगाडा पाच पायांनी बसला होता. डाव्या डोळ्यावर चीर होती, कडा आत वळलेली. आंधळा केला मी याला, तिने स्वतःलाच ऐकवलं. तू केलंस. काळ्याने नाही.

पहाटे साडेपाचला ती उठली तेव्हा बरणी रिकामी होती. पण ओला माग बरणीतून ओट्यावर, ओट्यावरून खिडकीच्या ग्रिलवर गेला होता. ग्रिलच्या गजाला घट्ट पकडून रणगाडा उभा होता आणि त्याची पाठ फाटत होती.

हळुवार वगैरे काही नव्हतं त्यात. आतून कुणीतरी खांद्याने दार फोडत होतं. फट वाढली, डोक्यापर्यंत गेली, आणि डोकं बाहेर यायला लागलं. डोळे निघत होते. जुन्या डोळ्यांतून नवे डोळे, मुखवट्यातून चेहरा ओढून काढावा तसे. उजवा निघाला. मोठा, दुधट, ओला, माथ्यापर्यंत. डावा अडकला. ताणला गेला. चिरेपाशी साल लोंबली. अबोलीने फाटका ओठ दाताखाली धरला, रक्ताची चव आली. हात लावायचा नाही. आता खरंच हात लावायचा नाही.

मग डावाही सुटला. अख्खा, गोल, एकही ओरखडा नसलेला. चीर मागे राहिली होती, रिकाम्या सालीवर, खिडकीच्या फुटक्या काचेसारखी. काळ्याचा आकडा पोहोचला होता तो घर सोडून गेलेल्याच्या दारापर्यंत. आतला माणूस केव्हाच मागच्या खोलीत सरकला होता.

“आई गं!” अबोली एवढ्या मोठ्याने ओरडली की वैजयंती लाटणं घेऊन धावत आली.

मग मुंग्या आल्या. लाल, रांगेने, ओल्या मऊ जिवाचा वास काढत. अबोलीने गजावर पाण्याने भिजवलेलं फडकं गुंडाळलं, आणि जी मुंगी फडकं ओलांडेल तिला नखाने चिरडलं. तास, दीड तास. आईने चहा आणून ठेवला, आणि मग स्वतःही दोन मुंग्या चिरडल्या. पंख उलगडले, ताठ झाले, काचेचे झाले. पाच पायांचा चतुर सव्वासात वाजता उडाला, एकदा ग्रिलवर आपटला, आणि गेला.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर अबोली प्रत्येक मुलीच्या घरची बेल वाजवत फिरली. “पाच वाजता वर. रॅकेट घेऊन.”

“आपण हरलो ना?” ईश्वरीने दार अर्धंच उघडलं होतं.

“मी हरले. तुम्हाला न विचारता तुम्हाला पणाला लावलं, ते चुकलं माझं. तू फक्त चल.”

ईश्वरीने तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. “भयंकर दिसतेस,” ती म्हणाली आणि चपला घातल्या.

गच्चीच्या दारात अभिराम. नाकावर पट्टी, आवाज बसलेला. “डील म्हणजे डील. एकही मुलगी नाही.”

“हात कुणी घातला?”

“तू.”

“ईश्वरीने घातला? हादियाने? नाही ना. मग शिक्षा माझी. मार्चपर्यंत मी या दाराच्या आत पाऊल टाकणार नाही. रोज पाच ते सहा या खेळतील.”

“असं नव्हतं ठरलं.”

“ठरवलं कुणी होतं? मी आणि तू. दोघांनी मिळून यांना न विचारता. म्हणून ते मोडलं.”

“गच्ची आमची आहे!” त्याने दार ढकललं. लोखंडी दार. अबोलीने पाय मध्ये घातला, टाच जिन्यात, बोटं चौकटीत. दार आदळलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिने पाय काढला नाही. त्याने दुसऱ्यांदा आदळलं. सँडलमधून अंगठ्याचं नख काळं होताना तिने पाहिलं.

“अगं, काढ ना पाय!” हादिया रडवेली झाली.

“आत टाकलेला नाहीये मी,” अबोली दात आवळून म्हणाली. “टाच बघ माझी. बाहेर आहे. मार अजून.”

अभिरामने दार तिसऱ्यांदा मागे ओढलं आणि तसंच धरून ठेवलं. तिच्या अंगठ्यातून रक्त येऊन चौकटीवर टपकत होतं. मागून पार्थ म्हणाला, “सोड ना यार. एक तासच तर आहे.”

“गप रे तू,” अभिराम म्हणाला. पण दार पुढे ढकललं नाही.

ईश्वरी त्याच्या हाताखालून वाकून आत गेली. मग हादिया. मग बाकीच्या, एकेक, अबोलीच्या खांद्याला हात लावत, तिचा पाय चुकवत. शेवटची आत गेल्यावर अबोलीने पाय मागे घेतला, वरच्या पायरीवर बसली आणि सँडल काढून नख हलतंय का ते बघायला लागली. हलत होतं.

“बर्फ लाव त्याला,” अभिराम दारातूनच म्हणाला.

“आधी तू नाकाला लाव, जोकर.”

आत जाळी बांधताना ईश्वरी कुणावर तरी खेकसत होती. गाठ नीट मार म्हणून.